साडूंचं जहाज आणि माझ्या दुकानातल्या सळया

समुद्रापासून एवढ्या लांब राहून समुद्राचा एवढा जाच माझ्याइतका दुसऱ्या कुणाला झाला असेल, तर त्यानं लातूरला येऊन मला भेटावं. मी त्याला चहा पाजीन आणि त्याच्या गळ्यात पडून रडेन. आमच्या लातुरात प्यायच्या पाण्याची मारामार. इथल्या माणसानं समुद्र बघायचा तो सहलीत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, आणि परत यायचं. माझ्या नशिबी तो घरात आला, आणि तोही सोयरीक करून. माझ्या बायकोची थोरली बहीण ज्यांना दिली आहे ते, म्हणजे आमचे साडू, बावीस वर्षं कस्टमच्या गस्तीच्या जहाजावर होते. चोरून माल आणणाऱ्या होड्या धरायच्या, हे त्या जहाजाचं काम. निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली. जहाजानं होड्या किती धरल्या ते पुढं सांगतो, पण मला मात्र धरलं ते धरलंच.

साडू मूळचे लोह्याकडच्या एका खेड्यातले. घरी जमीन, बैल, विहीर. सात पिढ्यांत कुणी गोदावरीपेक्षा मोठं पाणी बघितलेलं नाही. नोकरीची जाहिरात आली, यांनी अर्ज टाकला. "कस्टम म्हंजे काय आसतंय कुनाला ठावं होतं, पाव्हणं! टेबल आसंल, खुर्ची आसंल, ठप्पे मारायचे आसतील, आसंच वाटलं मला." मुलाखतीत साहेबांनी विचारलं, पोहता येतं का? हे म्हणाले, "विहिरीत येतंय." साहेब पोट धरून हसले आणि यांना घेतलं. काम मिळालं इंजिनाच्या खोलीत, यंत्रांना तेल घालायचं. आता गंमत ऐका. ही खोली जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली. तिला खिडकी नाही. वर पाठलाग चाललाय, दुर्बिणी लागल्यात, साहेब ओरडताहेत, आणि आमचे साडू खाली हातात तेलाचा डबा घेऊन घामानं थबथबलेले. बावीस वर्षांत या गृहस्थांनी समुद्र बघितला तो ड्यूटी संपल्यावर, आणि तेव्हा म्हणे डोळ्यांवर झोप असायची. म्हणजे जे स्वतः बघितलंच नाही ते हे मला पंधरा वर्षं सांगत आले आहेत! पुराणिकबुवांनीही राम बघितलेला नसतो म्हणा, पण ते निदान शेवटी प्रसाद तरी देतात.

जहाजाला 'बोट' म्हटलेलं त्यांना चालत नाही. "बोट मासेवाल्याची. आमचं जहाज हाय." आणि जहाजाची कथाही मधूनच कुठून सांगितलेली चालत नाही, अध्याय ठरलेले आहेत. पहिला नारळाचा. जहाज पाण्यात सोडताना नारळ फोडायला आलेल्या बाईंचा नेम दोनदा चुकला आणि नारळ तिसऱ्यांदा फुटला. तेव्हा साडू लोह्यात बैल चारत होते, पण सांगतात असं, जणू खोबरं यांनीच वाटलं. दुसरा अध्याय खजुराचा. एका गलबतात खजुराच्या पोत्यांखाली मनगटी घड्याळं सापडली, आणि ती म्हणे साडूंनी खालून ओळखली. "इंजिनं बंद केल्ती. गलबत बाजूला येऊन लागलं आन् मला टिकटिक ऐकू आली." दोन लोखंडी भिंती ओलांडून मनगटी घड्याळाची टिकटिक! मी लोखंडाचा व्यापारी आहे, मला काय शिकवता? तिसरा अध्याय वऱ्हाडाचा. धुक्यात दिवे विझवून चाललेल्या होडीचा पाच तास पाठलाग केला, धरली, तर आत नवरदेव, करवल्या आणि लाडवांच्या परड्या. वऱ्हाडाला वाटलं सरकारनं बंदोबस्त पाठवलाय. त्यांनी साहेबांना टोपी-उपरणं चढवलं. चौथा होडीतली चोरटी चांदी धरल्याचा. तो खरंच बरा आहे, पण त्या वेळी साडू ताप येऊन किनाऱ्यावर पडलेले. पाचव्यापासून पुढं सगळा दवाखानाच. सोनंनाणं राजरोस आणायची सोय झाली, चोरटे दुसऱ्या धंद्याला लागले, आणि जहाज धक्क्याला बांधून सुट्या भागांची वाट बघत बसलं.

मी एकदा तोंडावर म्हणालो, "साडूभाऊ, सगळं मिळून तुमच्या जहाजानं दोन होड्या आणि एक नवरदेव धरला." ते शांतपणे म्हणाले, "जहाज फिरून राहिलं म्हनून चोर आले न्हाईत, पाव्हणं. राखण्या शेतात बसला आन् डुकरं आली न्हाईत, तर राखण्याला फुकटा म्हनता का?" मी लगेच पावसापाण्याचा विषय काढला. पाच मिनिटांत त्या पावसात जहाज आलं.

एकदा दोन्ही घरची मंडळी मिळून माहूरला देवीच्या दर्शनाला गेलो होतो. रांग पायऱ्या उतरून पार खाली आलेली. साडूंनी पुढच्या माणसाला सहज विचारलं, "कुठले तुमी?" तो किनवटचा निघाला. झालं! त्या बिचाऱ्याच्या पुढ्यात नारळ फुटला, खजुराची पोती उतरली. वऱ्हाड यायच्या आतच तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं, आमचं कुणी यायचं हाय." त्याच्या पुढच्यांचंही थोड्या वेळानं कुणीतरी यायचं राहिलं. असं करत करत आम्ही तासाभरात देवीपुढं उभे! मागं वळून बघितलं तर सगळी रांग आमच्याकडं हात जोडून बघत होती. जहाजाचा मला झालेला एवढा एकच फायदा, आणि तोही देवीच्या दारात, म्हणून मी तो धरत नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी नांदेडला घर बांधलं ते मुद्दाम विष्णुपुरीच्या बाजूला, धरणाचं पाणी दिसावं म्हणून. येईल त्या पाहुण्याला आधी तिकडं नेतात, पाण्याकडं बोट करतात आणि म्हणतात, "हितं ती तरंगली आसती, पर वळली नसती." ती म्हणजे जहाज. त्यांच्या लेखी जगातल्या प्रत्येक जागेचं माप हेच. माझ्या मुलीच्या लग्नाला मी लातुरातलं सगळ्यात मोठं कार्यालय घेतलं होतं. हे दारात उभे राहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, आणि व्याह्यांच्या देखत म्हणाले, "मावंल. पर वळायची न्हाई." व्याही माझ्या तोंडाकडं बघायला लागले. खंडेनवमीला आमच्याकडं दुकानाच्या काट्याची पूजा होते, त्यांच्या भावांकडं नांगराची. साडूंच्या पाटावर एक हातभर पाना आणि जहाजावरचं, इंजिनाचा दाब दाखवणारं बंद पडलेलं घड्याळ, काटा कधीचा अडकलेला. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणतो. ती कपाळाला हात लावते, "महादेव कोपऱ्यात आन् हे भंगार मधोमध! काय म्हनावं ह्या मानसाला?"

त्या पान्यानं ते दिसेल ते वाजवतात. कुकर, कॉटचा पाय, माझी स्कूटर, शेजाऱ्याचं फाटक. वाजवायचं, कान द्यायचा आणि निदान सांगायचं. एकदा नांदेडहून लातूरला येताना लोह्याच्या पुढं यांना एसटीच्या इंजिनाचा आवाज पसंत पडला नाही. उठून ड्रायव्हरपाशी गेले. "भाऊ, थांबव. हे इंजिन अहमदपूर बघायचं न्हाई." कंडक्टर म्हणाला, "काका, बसा गप." हे बसेनात. "मी उतरतो, पर ह्या इंजिनावर बसनार न्हाई." उतरले. एसटी अहमदपूरला गेली, लातूरला आली आणि दुसऱ्या दिवशी सुखरूप परतही गेली. साडू चार तासांनी टोमॅटोच्या टेम्पोतून माझ्या दारात उतरले, अंगाला सगळा चिखल, आणि पहिलं वाक्य काय? "पोचली का? मंग नशीब म्हना."

असं सगळं चाललं होतं. गेल्या वर्षी त्यांच्या जुन्या सोबत्याचा फोन आला. जहाजाचा लिलाव झाला, ते तोडलं, पत्रे कापून ट्रक भरले. त्यातले काही ट्रक जालन्याला गेले म्हणे. जालन्याला भंगार वितळवून सळया करतात हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि माझ्या दुकानातला सगळा माल येतो तो जालन्याहूनच. आम्ही नेमके त्या दिवशी त्यांच्याकडं जेवायला होतो. साडू ताटावर गप्प. पंधरा वर्षांत ज्याचं तोंड मिटलं नाही तो माणूस गप्प बसला, तर मीही गप्प बसावं की नाही? पण मला चेव आला. म्हणालो, "एवढं काय मनाला लावून घेता? आलं असेल तुमचं जहाज माझ्याच दुकानात. या एकदा, वाजवून बघा!" सगळे हसले. साडू हसले नाहीत. म्हणाले, "सोमवारी येतो."

हात धुताना अक्कानं मला बाजूला घेतलं. "भाऊ, चेष्टा केली तुमी, पर ह्यांचे कान चालले. डॉक्टर म्हनला, इंजिनाच्या आवाजानं निम्मे आधीच गेल्ते, आता राहिलेलं बी वर्षभरात जाईल. यंत्र लावून भागायचं न्हाई. तवापासून एकच घोकून राहिलेत. एकदा तिचं लोखंड वाजलेलं ऐकतो, मंग जाऊ द्या कान." खरं सांगू? थोडं वाईट वाटलं आणि बराचसा राग आला, कारण हा माणूस सोमवारी येणार हे आता नक्की झालं होतं.

आले. कपाळाला विभूती, काखेत पाना, पिशवीत भाकरीचा डबा. माझ्या हमालाला एकेक सळई उचलून तिचं टोक विटेवर ठेवायला लावायचं, एका टोकाला पाना मारायचा आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा. "न्हाई. दुसरी." दुपारी भाकरी खायची आणि परत "न्हाई. दुसरी." दर सोमवारी हाच धंदा. मी गल्ल्यावर बसून दात ओठ खात होतो. तिसऱ्या सोमवारी औशाकडच्या एका शेतकऱ्यानं विचारलं, "ते साहेब काय करून राहिलेत?" हमालानं चेष्टेत सांगितलं, "माल तपासून राहिलेत." आमच्याकडं भूकंप होऊन गेलेला, घर बांधणारा माणूस सळईच्या बाबतीत फार हळवा. पुढच्या आठवड्यापासून गिऱ्हाइकं विचारू लागली, "साहेबानं वाजवलेली हाय का? न्हाई? मंग थांबतो की." माझ्या तीस वर्षांच्या सचोटीवर ज्यांचा विश्वास बसला नाही, त्यांचा एका तेल घालणाऱ्याच्या पान्यावर बसला! काय बोलायचं? साडूंना हाकलून द्यायचं मी पक्कं ठरवलं होतं, पण माल असा उठायला लागल्यावर सोमवारी त्यांची गाडी चुकली तर मीच रस्त्याकडं बघत बसायला लागलो.

मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सुरुवातीला ते पाना हलकेच मारायचे. दोन महिन्यांनी ठोकायला लागले. एका सोमवारी त्यांनी सळईवर असा घाव घातला की समोरच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. सळई ठणठणत होती. साडू कान लावून वाकलेले. सरळ झाले, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "वाजली का, पाव्हणं?"

मी मानेनंच हो म्हणालो.

त्यानंतरच्या सोमवारी ते गोदामाच्या अगदी मागं गेले. तिथं जुन्या सळयांचं एक बंडल पडून होतं, वर तांबेरा चढलेला. त्यांनी एक सळई वाजवली, कान लावलाच नाही; नुसता तळवा ठेवला. मग म्हणाले, "हीच." मी वाकून बघितलं. बंडलाला पत्र्याचा बिल्ला होता, आणि त्यावरचं साल जहाजाच्या लिलावाच्या चार वर्षं आधीचं. म्हणजे ही सळई ओतली तेव्हा जहाज धक्क्यावर धडधाकट उभं! आता मी म्हणजे कोण! पंधरा वर्षांची वसुली एका वाक्यात झाली असती. असली संधी मी जन्मात सोडलेली नाही. तोंड उघडलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, बिल्ला वाकवून तोडला आणि खिशात टाकला. "हीच असेल," मी त्यांच्या कानाशी ओरडलो. "हीच आहे!"

अक्का दहा वर्षं माडीवर एक खोली मागत होती. ती आता बांधायला काढली, आणि ते बंडल स्लॅबच्या बरोबर मधोमध टाकायचं ठरलं. स्लॅबच्या दिवशी सकाळीच मी नांदेडला गेलो. खाली मिक्सर फिरत होता, अक्का मजुरांसाठी बुंदी पाडत होती, वर सळयांची जाळी बांधून तयार. काँक्रीट नीट बसावं म्हणून त्यात व्हायब्रेटरची सुई खुपसतात. ती जोरात थरथरते. ती सुई सळईला कधीही टेकवायची नाही, जाळी हलते, हे मी आल्या गिऱ्हाइकाला तीस वर्षं बजावत आलो आहे. आणि साडू नेमके मिस्त्रीला म्हणत होते, "जरा सळईला टेकव की रं."

"काका, चालत न्हाई," मिस्त्री म्हणाला. "हे शेठच सांगतेत आमाला." साडूंना ऐकू गेलं नाही, पण मिस्त्रीची मान हललेली दिसली. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"लाव," मी म्हणालो.

"शेठ, तुमीच तर..."

"जिथं काँक्रीट पडलं नाही तिकडं लाव. जाळी हलली तर मी स्वतः बसून बांधून देतो. लाव म्हणतो ना!"

साडूंनी चपला काढल्या आणि सळयांवर उभे राहिले. मिस्त्रीनं सुई टेकवली. थरथर सगळ्या जाळीतून धावत गेली. साडूंनी डोळे मिटले. उजवा हात आपोआप थोडा वर आला, तेलाचा डबा धरायला यावा तसा, आणि हा सत्तरी गाठलेला माणूस गच्चीवर उभा राहून ओरडला, "चालू झाली! दोन्ही इंजिनं चालून राहिलीत, पाव्हणं! चपला काढा, चपला!" मी काढल्या. थरथर तळव्यातून गुडघ्यापर्यंत आली. खोटं कशाला बोलू, मला जहाजबिहाज काही दिसलं नाही. समोर विष्णुपुरीचं पाणी होतं आणि शेजारच्या गच्चीवर कुणाचे तरी पापड वाळत होते. पण मी उतरलो नाही. मिस्त्रीनं सुई उचलेपर्यंत त्यांच्या शेजारी उभा राहिलो, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते सिमेंटनं आलं नव्हतं.

काठावर बसून चपला घालताना साडू म्हणाले, "बिल्ला ठिवला का टाकला?"

ते पाण्याकडं बघत सांगत राहिले. "मी आधीच वाचला होता. कान गेले तरी डोळे हायेत की! ऐकू तर कवाच येत नव्हतं, पाव्हणं. म्हनलं, आता कुठंतरी थांबावं लागंल. तुमी हासला आसता तर तसाच घरी निघून आलो आसतो. पंधरा साल हासत आले तुमी. त्या दिशी बिल्ला लपवला. म्हनलं, मंग हीच."

आता त्यांना काहीच ऐकू येत नाही. त्यामुळं बोलणं थांबलं असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर एवढं सगळं मी कुणाला सांगितलं? उलट पूर्वी मधे तोडता तरी यायचं, आता तेही गेलं. परवा दुकानात एका गिऱ्हाइकानं विचारलं, ते सळया वाजवणारे साहेब कोण होते हो? मी सांगायला बसलो. नारळ सांगितला, खजूर सांगितला, तो 'बोट' म्हणाला तर त्याला दटावलं. वऱ्हाडापाशी आलो तर तो विचारतो, "मंग त्या नवरदेवाचं लगीन येळेवर लागलं का?" आणि मी अडलो. पंधरा वर्षं ऐकतोय, पण हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही. आता फोनवर विचारून उपयोग नाही. रविवारच्या एसटीनं नांदेडला निघालो आहे. बायको म्हणाली, एवढं काय काम काढलं? म्हटलं, एका लग्नाची चौकशी आहे. कागदावर प्रश्न लिहून घेतलाय, पण तो देऊन भागणार नाही. तिसरा अध्याय त्यांना आधी सांगता येत नाही. माडीवरच्या खोलीत त्यांचं लोखंडी टेबल आहे. त्यावर त्यांचा तळवा ठेवायचा, पान्यानं एक ठोका द्यायचा, की ते नारळापासून सुरू करतात. नवरदेवापर्यंत यायला तासभर लागेल. लागू दे.